मेजाच्या तालावर तेवीस सुतार

नगरसभेतल्या महाशयांनो, तुम्ही भित्रे आहात. चोर म्हणत नाही, लबाडही म्हणत नाही, भित्रे. अकरा महिने झाले, मी बनवलेली वस्तू तुमच्या बाहेरच्या दालनात खिडकीखाली उभी आहे. तिच्यावर तुमचं लाखेचं सील आहे, आणि ती वस्तू काय आहे हे सांगायची तुमच्यातल्या एकाचीही छाती होत नाही. तुमच्यापुढे दोन शपथपत्रं आहेत. एकात तेवीस सुतार देवाला स्मरून सांगतात की ते मेज आहे. दुसऱ्यात सहा वाजंत्री त्याच देवाला स्मरून सांगतात की ते वाद्य आहे. दोन्हींवर तुम्ही शिक्का मारलात आणि गप्प बसलात.

वकील म्हणाला, "गेशेबाई, 'नम्रपणे विनवते' असं सुरू करा." तीनदा नम्रपणे विनवून झालं. आता घडलं ते घडलं तसं लिहिते, मुळापासून, म्हणजे 'प्रकरण नीट समजलं नाही' ही सबब तुम्हाला उरणार नाही.

मी गेशे. हातमोजे शिवणाऱ्या आल्बर्सची मुलगी, तेवेस क्लाविकॉर्डवाल्याची विधवा. माझं लहानपण हरणाच्या कातड्यात गेलं आणि संसार लाकडाच्या भुशात.

तेवेसची क्लाविकॉर्डं तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी आहेत. लांबट, उथळ खोकं. पट्टी दाबली की आतून पितळेची एक जीभ वर येते, तारेला टेकते आणि बोट उचलेपर्यंत टेकलेलीच राहते. आवाज एवढा बारीक की शेजारी कुणी मटार सोलायला बसलं तर ऐकू यायचा नाही. पण बोट दाबून जरासं हलवलं की सूर थरथरतो, माणसाच्या गळ्यासारखा. माझे सासरे मात्र हार्पसिकॉर्ड बनवायचे. त्यात प्रत्येक तारेला कावळ्याच्या पिसाचं एक टोक असतं. पट्टी दाबली की ते तार छेडतं. सासऱ्यांच्या अंगणात कावळे उतरत नसत, शहाणे होते. हार्पसिकॉर्डाचा आवाज चर्चभर जातो, पण तो एकच. हळू दाबा नाहीतर मूठ मारा, जेवढा आहे तेवढाच. जेवताना बापलेकांची यावरून रोज जुंपायची.

"बाबा, तुमचं वाद्य म्हणजे सरदार," तेवेस म्हणायचा. "राग येवो की प्रेम येवो, एकाच आवाजात ओरडणार."

"आणि तुझं म्हणजे तू," सासरे म्हणायचे. "मनात सगळं आहे, पण ऐकू कुणाला येतंय?"

मी दोघांना वाढत असे आणि मनात म्हणे, दोघेही बरोबर आहेत, हीच तर पंचाईत आहे.

तेवेस काही कारागिरांच्या कुठल्या संघात नव्हता. तुमचं परवानापत्र होतं त्याच्याकडे, त्याच्या हयातीपुरतं. तो गेला त्या आठवड्यात तुमचा शिपाई दारात आला. अंत्यविधीला भाजलेला लोण्याचा केक अजून अर्धा शिल्लक होता. शिपायाने एक तुकडा खाल्ला, दुसरा खिशात घातला आणि परवाना घेऊन गेला. मी म्हटलं, हत्यारं आहेत, लाकूड आहे, मला काम येतं. तो म्हणाला, "हातमोजे शिवा."

मी हातमोजे शिवायला बसले. दोरवाल्यांच्या गल्लीत बेके म्हातारीचं वाम मासे धुरी देऊन टिकवायचं घर आहे, त्याच्या वरचा माळा तिने मला दिला. खाली आल्डरच्या लाकडाचा धूर, त्यात टांगलेले वाम, आणि वर मी. सुतारांना लाकूड वाळवायला सात वर्षं लागतात. बेकेच्या माळ्यावर ते दोन वर्षांत खडखडीत वाळतं. माशाचा वास येतो, एवढंच.

पुढे एक दिवस साखर उकळणाऱ्या फोग्टांच्या बाईंचा निरोप आला. इंग्लंडहून जहाजाने त्यांनी एक वाद्य मागवलं होतं. तिकडे त्याला पियानो म्हणतात. दिसायला चार पायांवरचं चपटं खोकं, पण आत जीभ नाही, पीस नाही. प्रत्येक तारेखाली एकेक इवलीशी हातोडी. हातोडीवर कातडं चढवलेलं असतं, ते समुद्राच्या खाऱ्या हवेने वाळून लाकडासारखं झालं होतं. वाद्यवाल्यांपैकी कुणी हात लावेना. म्हणून मोजेवाली बोलावली.

मी दोन दिवस बसून सगळी कातडी बदलली. मग एक पट्टी हळूच दाबली. आवाज आला, कुजबुजल्यासारखा. तीच पट्टी जोरात दाबली, तर फोग्टबाईंच्या कपाटातल्या बशा वाजल्या. मी पुन्हा हळू दाबली. पुन्हा जोरात. फोग्टबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय गं, हसतेस काय एकटीच?"

मी म्हटलं, "बाई, सासरे आणि नवरा एका खोक्यात बसून एकमेकांचं ऐकताहेत."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. त्या वाद्याचं सगळं माप माझ्या बोटांत होतं. मोजे शिवणाऱ्याला माप लिहून ठेवावं लागत नाही. मी माळ्यावर माझं स्वतःचं सुरू केलं, आणि फोग्टबाईंनी ते पूर्ण व्हायच्या आधीच बहिणीसाठी मागून ठेवलं. पहिल्यांदा तारा चढवल्या आणि पट्टी दाबली, तर हातोडी तारेवर आपटली, खाली पडली, उसळली आणि पुन्हा आपटली. टण-टण. प्रत्येक सूर दोनदा.

खालून बेके ओरडली, "गेशे, तुझं पोर तोतरं आहे गं!"

तीन आठवडे ते पोर तोतरंच राहिलं. मग लक्षात आलं की दोष हातोडीच्या उडण्यात नाही, पडण्यात आहे. ती पडते तिथे मी मेंढीच्या कातड्याची मऊ गादी केली, म्हणजे पडली की निजते. हातोडीच्या डोक्यावर आत कडक कातडं, बाहेर मऊ. घोडेस्वाराच्या हातमोज्याला तळव्यावर असतं तसं. पुन्हा पट्टी दाबली. एकच सूर, गोल, भरलेला. बेके जिना चढून वर आली. सत्तर वर्षांची बाई, हातात वाम तसाच लोंबकळत. "बोलायला लागलं की," ती म्हणाली आणि त्या वामाचं अर्धं मला तोडून दिलं.

आता ससेशिकारीकडे येते.

तुम्हाला ती शिकार ठाऊक आहे, कारण तिचा परवाना तुम्हीच देता. जो संघात नाही आणि माळ्यावर लपून काम करतो तो 'माळ्यावरचा ससा'. ईस्टरपूर्वी मांस सोडून माशांवर राहायचा उपवास लागतो, त्याच्या आधीच्या सोमवारी सुतारसंघ ढोल घेऊन, बिअर पिऊन असे ससे पकडायला निघतो. सापडलेला माल वाजतगाजत संघाच्या घरी न्यायचा, संघासमोर तपासायचा, आणि सुतारकाम ठरलं तर उंबऱ्यावर कुऱ्हाडीने फोडायचा. वर्षाचा सण असतो त्यांचा. माझ्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. बहुधा कुणीच नाही. अख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं.

खाली दाराशी ढोल थांबला. बेकेचा आवाज आला. "जोडे पुसा रे! माझ्या जिन्यावर चिखल केलात तर एकेकाला धुराड्यात टांगीन, वामांच्या शेजारी!"

मग जिना करकरला आणि सुतारांचे पुढारी मेस्टर योखिम हारबेक यांचं डोकं माळ्याच्या झडपेतून वर आलं. डोकं आलं, खांदे आले, पोट आलं नाही.

"कोण आहे इथे?" ते म्हणाले, तसेच अडकून.

"कोण पाहिजे, मेस्टर?"

"ससा!"

"ससे बाजारात मिळतात. इथे वाम आहेत."

"ढकला रे!" हारबेक खालच्यांवर ओरडले. खालच्यांनी ढकललं, आणि संघाचे पुढारी बाटलीच्या बुचासारखे वर आले. त्यांच्या मागून सहाजण. कपड्यावरचा भुसा झाडता झाडता हारबेकांना माझं वाद्य दिसलं. जवळ गेले. कोपऱ्यात दात्यांत दाते बसवून सांधा केला होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग नाक जवळ नेऊन हुंगलं.

"याला माशाचा वास का येतो?"

"उपवासाला चालावं म्हणून."

सहाजण हसले. हारबेक हसले नाहीत. "हे दाते कुणी कापले?"

"मी."

"खोटं. बाईच्या हाताला एवढा सरळ काप येत नाही."

"मोज्याचा काप केसाएवढा चुकला तर बोट आत जात नाही, मेस्टर. लाकूड त्या मानाने दयाळू."

त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. मला वाटतं त्या सांध्यात चूक सापडावी म्हणून ते देवाची प्रार्थना करत होते. सापडली नाही. "उचला," ते म्हणाले.

झडपेतून वाद्य खाली जाईना, म्हणून त्यांनी खिडकीची चौकट काढली आणि बेकेच्या मासे चढवायच्या कप्पीवरून ते गल्लीत उतरवलं. चौघांनी खांद्यावर घेतलं. पुढे ढोल, मागे मी.

"आडवं धरा! तारा ताणलेल्या आहेत!"

"आरोपीने बोलू नये," हारबेक म्हणाले.

"मग तुम्ही सांगा त्यांना. डावीकडचा लंगडतोय."

"अरे, आडवं धर, टोंगळ्या!" हारबेक ओरडले. सुतारच शेवटी, तिरकं लाकूड बघवत नाही.

गल्लीत दारं उघडली. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला आतल्या सगळ्या तारा गुणगुणत होत्या. कुणीतरी विचारलं, "तिरडी कुणाची?" दुसरा म्हणाला, "तिरडी कसली, आतला अजून गातोय." संघाच्या घरापर्यंत पोचेतो आमच्या मागे पन्नास माणसं झाली होती. माझ्या हयातीत माझ्या कामाची एवढी मिरवणूक मी स्वतः काढू शकले नसते.

संघाच्या घरात त्यांची संदूक आहे, तीन कुलपांची. ती उघडली की सभा सुरू. आणि संदूक उघडी असेपर्यंत शिवी द्यायची नाही, चाकू काढायचा नाही, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचं बोलणं मध्ये तोडायचं नाही. हा त्यांचा तीनशे वर्षांचा नियम, त्यांना तुमच्यापेक्षा प्यारा. तीन किल्ल्या फिरल्या. हारबेक उभे राहिले.

"चार पाय," त्यांनी मोजले. "वर फळी. झाकण. कोपऱ्यांत दात्यांचे सांधे. संघाचं काय मत?"

"सुतारकाम!" सगळे म्हणाले.

कोपऱ्यात मेस्टर क्लाउस बसले होते, सगळ्यांत म्हातारे, कमी ऐकू येणारे, कानाला शिंगाचं नळकांडं लावून. ते म्हणाले, "योखिम, आरोप बाईवर आहे की खोक्यावर?"

लेखनिकाने कागद वाचला. "माळ्यावर सापडलेल्या वस्तूवर."

"मग वस्तूला विचारा."

"मेस्टर क्लाउस, वस्तू कशी बोलेल?"

"मला काय विचारतोस? नियम आहे. ज्याच्यावर आरोप त्याचं ऐकायचं." आणि त्यांनी नळकांडं वाद्याकडे रोखलं.

मी कुणाची वाट पाहिली नाही. स्टूल ओढलं आणि बसले.

मला तीन चाली येतात. पहिली भजनाची. ती मी इतकी हळू वाजवली की मागच्या बाकावरचे पुढे सरकले. मग तीच चाल मोठ्याने, आणखी मोठ्याने, सगळ्या दहा बोटांनी. खिडक्यांच्या काचा वाजल्या. कुणीतरी "च्यायला" म्हणालं आणि त्याला लगेच दंड झाला, कारण संदूक उघडी होती. दुसरी चाल माझ्या आईची, पाळण्याची. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुतारांच्या बायका वामाच्या रश्शाची पातेली घेऊन आल्या, कारण सभेनंतर जेवण आणि नाच असतो. त्या पातेली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तिसरी चाल बांधापलीकडच्या गावांतली, चेरीची तोड संपली की पोरी नाचतात ती. तिसऱ्या चालीवर माझ्या पायांचंही मी ऐकत नाही.

हारबेकांची बायको आंके. तिने पातेलं खाली ठेवलं. "योखिम! बसलास काय?"

"संदूक उघडी आहे गं."

"मग बंद कर!"

महाशयांनो, तीनशे वर्षांत ती संदूक एवढ्या घाईने कधी बंद झाली नसेल. एक किल्ली तर जमिनीवर पडली ती दुसऱ्या दिवशी सापडली. हारबेकांनी आंकेला कंबरेला धरलं, आणि ज्या पोटाने झडप अडवली होती ते पोट असं काही फिरलं की बाकं सरकवावी लागली. तेवीस सुतार आणि त्यांच्या बायका. लाकडी जोड्यांची जमिनीवर दणदण. बेके वाम विकायला म्हणून आली होती, ती लेखनिकाबरोबर नाचली. मेस्टर क्लाउसनी नळकांडं फेकून दिलं, वाद्याशी गुडघे टेकले आणि झाकणाच्या कडेला दात लावले.

"येतंय!" ते ओरडले. "ऐकू येतंय! लाकडातून येतंय!"

"मेस्टर, चावू नका, वार्निश ओलं आहे!"

"गप गं पोरी, वाजव!"

ती चाल मी चौदा वेळा वाजवली. पंधराव्यांदा सुरू करणार तेवढ्यात दार उघडलं.

दारात काश्पर लेंझ उभे होते, शहराच्या वाजंत्र्यांचे म्होरके. टोपीवर बर्फ, काखेत फिडल, मागे पाच जण. सुतारांनी त्यांना चार वाजता नाचाला बोलावलं होतं. बरोबर चार वाजले होते. तुमच्या या शहरात भिंतींच्या आत नाचाला वाजवायचा हक्क फक्त लेंझ आणि मंडळींना आहे. ते पत्रही तुमचंच. दुसऱ्या कुणाच्या वाजवण्यावर जो नाचेल तोही गुन्हेगार.

हे सगळं सुतारांना एकदम आठवलं. नाचणारे सगळे एक पाय वर धरून थांबले.

"कोण वाजवतंय?" लेंझ म्हणाले.

"कुणी नाही," हारबेक म्हणाले. घामाने त्यांचा चेहरा चकाकत होता.

"मग नाचताय कशावर?"

हारबेकांनी माझ्याकडे पाहिलं, वाद्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "हे... मेजावर ठोकत होतो. असंच. ताल धरायला."

"मेजावर."

"मेजावर."

लेंझ पुढे आले आणि त्यांनी एका बोटाने एक पट्टी दाबली. सूर निघाला आणि त्या शांत खोलीत बराच वेळ राहिला. "छान मेज आहे," ते म्हणाले. आवाज मात्र दुखावलेला होता. "मी उशिरा आलो असतो तर गोष्ट वेगळी. चार म्हणजे चार. मी चारला आलो, योखिम."

पुढचं तुमच्या दप्तरात आहेच. लेंझांनी तक्रार केली की सुतारसंघ परक्या वाद्यावर नाचला. तेवीस सुतारांनी शपथेवर उत्तर दिलं: "सदर वस्तू हे मेज असून, त्यावर हात पडला असता जो आवाज झाला तो मेजाचा होय, व आमचे पाय थंडीमुळे हलले." मी हा कागद पाठ केला आहे. हिवाळ्यात मला त्याची ऊब वाटते.

पण मेज म्हटलं की ससेशिकारीचा माल, म्हणजे उंबऱ्यावर फोडायलाच हवा. हारबेक कुऱ्हाड घेऊन आले. आंके उंबऱ्यावर बसून बटाटे सोलत होती. "उठ," हारबेक म्हणाले. "बटाटे संपले की," ती म्हणाली. तिच्यापुढे दोन पोती होती. ती संपायच्या आत लेंझ तुमच्या शिपायाला घेऊन आले. पुराव्याला कुणी हात लावायचा नाही! आणि वस्तू उचलून तुमच्या दालनात नेली. कुऱ्हाड खाली टाकताना हारबेकांनी सोडलेला सुस्कारा मला रस्त्याच्या पलीकडे ऐकू आला.

आता पुढचं ऐका, हे तुमच्या दप्तरात नाही.

ईस्टरनंतर हारबेक माझ्याकडे आले. या वेळी झडपेतून न येता खालूनच ओरडले.

"गेशेबाई, एक मेज पाहिजे होतं."

"किती पायांचं?"

"चार."

"आणि पट्ट्या?"

"एकसष्ट. आंके म्हणते, नाहीतर माझं ताट कुत्र्यापुढे ठेवणार."

"मेस्टर, मी ससा आहे. सशाकडून मेज घेतलंत तर तुमच्यावर दंड."

"म्हणूनच आलोय," ते म्हणाले. "बाहेरचं खोकं मी करतो. ते सुतारकाम, माझी शपथ खरी. आतलं तू कर. ते काय आहे ते मला माहीत नाही, मी विचारणारही नाही."

तेव्हापासून खोकी हारबेक करतात आणि आतलं मी. त्यांच्या खोक्यांना माशाचा वास येत नाही, गिऱ्हाइकं त्याबद्दल तक्रार करतात. चार वाद्यं झाली; घरचं म्हणून आंकेचं मागे राहिलं. लेंझही आले, भांडायला. "याचे सूर कोण लावतं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"वाटलंच. कोंबड्यांचं भांडण लावून ठेवलंयस आत." कोट काढून, तारा पिळायची किल्ली हिसकावून घेऊन ते बसले. दुपारभर तारा पिळत राहिले. उठताना म्हणाले, "खालचे सूर चांगले आहेत." दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून आले. आता सूर लेंझच लावतात, आणि ज्या घरी वाद्य जातं त्या घरच्या मुलींना तेच शिकवतात. त्यांची शपथही खरी ठरली, कारण ते वाद्य असल्याशिवाय शिकवणार काय? सुतार खूश, वाजंत्री खूश, बेके तर प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन वाम गळ्यात मारते. आम्ही भांडलेली माणसं एका माळ्यावर बसून मिटवून मोकळी झालो.

आणि तुम्ही? मे महिन्यात तुमचा शिपाई मागच्या दाराने मला बोलवायला आला. केक खाल्लेला तोच. "नगरसभेच्या मेजाचा पाय हलतोय," तो म्हणाला. "सरस आण." दोन पावलं जाऊन परत वळला. "आणि जरा कातडं."

मी आले. पाय चारही भक्कम होते. सील मात्र मधोमध तुटलेलं, आणि मेणबत्तीच्या मेणाने पुन्हा चिकटवलेलं. झाकणावर कॉफीच्या पेल्याचा गोल डाग. आत मधल्या एका हातोडीचं कातडं झिजून लाकूड बाहेर आलं होतं. महाशयांनो, मी बसवलेलं कातडं चार दिवसांच्या गमतीने झिजत नाही. त्यासाठी कुणीतरी रोज बसावं लागतं. पट्ट्यांवर एक कागदही होता, त्यावर चेरीच्या तोडीची चाल उतरवलेली, आणि चुकीची उतरवलेली.

पडद्याखाली चांदीच्या बकलांचे जोडे दिसत होते, आत पाय असलेले. नाव मी लिहीत नाही. मी कातडं बदललं, चाल एकदा नीट वाजवून दाखवली आणि शिपायाला मोठ्याने म्हणाले, "मेजाला सांगा, डाव्या हाताने एवढं बडवू नका. आणि दुसऱ्या ओळीत बोट बदला." पडद्याखालचा उजवा जोडा ताल धरत होता तो थांबला.

घरी येताना मी रस्त्याने हसत होते. खोटं का बोलू? तुमच्यातलाही एकजण रोज सकाळी खिडकीखाली बसून माझ्या पट्ट्यांवर चेरी तोडतो, याचा मला आनंद झाला. तो आनंद अजून आहे. म्हणूनच राग जास्त आहे. वाजवायला तुम्हाला लाज वाटत नाही, फक्त सांगायला वाटते.

आंकेचं वाद्य तयार आहे. गुरुवारी दुपारी बारा वाजता आम्ही ते कप्पीवरून गल्लीत उतरवणार आणि भर बाजारातून तिच्या घरी नेणार. हारबेक आणि तीन मेस्टर खांदा देणार, लेंझ पुढे वाजवणार. मी पुढून चालणार, चोरासारखी मागून नाही, आणि त्याच दिवशी बेकेच्या दारावर माझ्या नावाची पाटी लागणार. बेकेने तळमजल्याची खोली रिकामी केली आहे. मला माळा पुरे झाला.

तुमचा शिपाई त्या वेळी गल्लीच्या तोंडाशी उभा असेल, हे मला ठाऊक आहे. तो वाट अडवायला असेल की एक कोपरा धरायला? बुधवारपर्यंत कळवा. लेखी, सहीनिशी, पुढच्या दाराने. उत्तर द्या.